शब्दचर्चा : ‘लॅटिना दिसणं’ म्हणजे नेमकं कसं दिसणं?

प्रश्न

एका अमेरिकी कथेचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात एका बाईचं वर्णन ‘ती लॅटिना दिसत होती’ एवढ्यावरच उरकलं आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘सावळी, टपोऱ्या काळ्या डोळ्यांची, दाट कुरळ्या केसांची’ असं लिहून मोकळी झाले. नंतर मूळ पान पुन्हा वाचलं, तर यातलं एकही विशेषण तिथे नाही! मग हे माझ्या लेखणीतून उतरलं कुठून? आणि या ‘दिसण्या’ला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

ताई, त्या शब्दात रंगरूप नाहीच. लॅटिनो (बाईसाठी लॅटिना) म्हणजे ज्याचं मूळ लॅटिन अमेरिकेत आहे तो. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेला. म्हणून ब्राझीलचा माणूस लॅटिनो, पण पोर्तुगीज बोलणारा, त्यामुळे सहसा हिस्पॅनिक नाही. स्पेनचा माणूस याच्या उलट. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेतही हा प्रश्न वंशाच्या प्रश्नापासून वेगळा विचारला होता.

आता ही तीन माणसं डोळ्यांसमोर आणा. पेरूचे माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी, ज्यांचे आईवडील जपानहून आले होते. क्युबाची कृष्णवर्णीय गायिका सेलिया क्रूझ. आणि मेक्सिकोतल्या ओआहाकाची, मूलनिवासी घरातली अभिनेत्री यालित्सा आपारिसिओ. कुठलं विशेषण तिघांना लागू पडेल?

तुमच्या लेखणीतून जे उतरलं ते पडद्यावरून आलेलं आहे. १९६१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त रिटा मोरेनो होती. ती जन्मानं पुएर्तो रिकोची, तरी तिला तिच्या स्वतःच्या रंगापेक्षा गडद मेकअप थापला. तिच्या प्रियकराचं काम करणारा जॉर्ज चाकिरिस ग्रीक वंशाचा, त्यालाही तसाच. पुएर्तो रिकन लोक नाना रंगांचे असतात, हे तिनं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. बाई खरोखर तिथली, आणि तिलाच ‘तिथली’ दिसावी म्हणून रंगवायची! मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. स्पॅनिशमध्ये ‘मोरेनो’चा अर्थच मुळी सावळा किंवा काळ्या केसांचा असा आहे, म्हणजे आडनावात सावळेपण असूनही चेहऱ्यावर ते फासावं लागलं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात एक भर. रंगासाठी स्पॅनिश बोलणाऱ्यांकडे स्वतःचे शब्द आहेत, आणि ते आपल्या फार जवळचे आहेत. ‘त्रिगो’ म्हणजे गहू, त्यावरून ‘त्रिगेन्यो’ म्हणजे शब्दशः आपला गव्हाळ! पुएर्तो रिको, कोलंबिया, पेरू इथे हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. दोन भाषांनी एकाच धान्यावरून रंगाला नाव द्यावं, याचा मला मनापासून आनंद होतो. तेव्हा मूळ कथेत ‘त्रिगेन्यो’ आला तर आधी ‘गव्हाळ’ बसतो का बघा; पुएर्तो रिकोत मात्र तो बऱ्याचदा अधिक गडद रंगासाठी, ‘काळा’ म्हणणं टाळायचं म्हणूनही वापरतात.

‘मोरेनो’लाही जपून. तो कुठे केसांबद्दल असतो, कुठे उन्हानं रापलेल्या अंगाबद्दल, तर कुठे ‘काळा’ म्हणणं टाळायचं म्हणून वापरतात. मेक्सिकोतला ‘ग्वेरो’ म्हणजे गोरा, भुऱ्या केसांचा. पण मंडईतला भाजीवाला कुठल्याही रंगाच्या गिऱ्हाइकाला ‘ग्वेरो, ग्वेरिता’ अशी हाक घालतो. तिथे ‘गोरी बाई’ असं लिहिलंत तर फसाल. आपल्याकडे ‘या ताई, काय देऊ?’ म्हणतात ना, त्या सुराचं काहीतरी हवं.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. त्रिगेन्यो वहीत टिपून ठेवला आहे.

पण माझं वाक्य अजून अडलेलंच आहे. लेखकानं रंग सांगितला नाही, हे खरं. ‘दिसत होती’ मात्र म्हटलं आहे.

प्रतिसाद

ताई, कोणाला दिसत होती ते बघा. कथा कोणाच्या नजरेतून चालली आहे?

प्रश्नकर्ती

दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या. ती दारातून आत येते, अजून तोंडही उघडलेलं नाही.

प्रतिसाद

मग अंदाज त्याचा आहे, तो त्याच्याकडेच राहू द्या. ‘ती लॅटिन अमेरिकेतली असावी, असं त्याला वाटलं.’ चेहरा आपण भरायचा नाही. ‘लॅटिनो चेहरेपट्टी’, ‘लॅटिन सौंदर्य’ असले जोडशब्दही नकोत, कारण तो अंदाज मग अनुवादकाच्या तोंडी येतो.

प्रश्नकर्ती

पुढच्याच पानावर ती बोलायला लागते आणि त्याचा अंदाज साफ चुकलेला निघतो. माझे टपोरे डोळे आणि कुरळे केस ठेवले असते, तर वाचकाला ते पान कळलंच नसतं. तिन्ही विशेषणं खोडली, तुमचं वाक्य घेतलं.