मदत हवी आहे: गळ पोटात गेलेला मासा सोडला तर जगतो का? (रविवारी परत जायचंय)

खाजण | शुक्रवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मासा गळ पार घशाखाली गिळून बसला आणि आपल्याला तो ठेवायचा नसेल, तर सोडल्यावर जगतो का? बुधवारी मी एक सोडला. गळ काढला, पाण्यात धरला, थोडा वेळ आडवा पडून राहिला, मग शेपूट मारून खाली गेला. पण रक्त आलं होतं. बरोबर भाचा होता, नऊ वर्षांचा. घर येईपर्यंत त्याचं एकच चाललं होतं, "मामा, तो मरेल का?" मी "नाही रे" म्हटलं, पण मला खरं माहीत नव्हतं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. रविवारी सकाळच्या भरतीला परत जाणार आहोत. त्याआधी उत्तर हवं. "मासे पकडणं सोडा" हे उत्तर नको, प्लीज.

गरीवाला७१ | शुक्रवार, रात्री ११:५९

मासा कुठला? किती मोठा? गळ कुठला, आमिष काय? गरी (गळाची काठी) हातात होती की टेकवून ठेवली होती? गळ कशाने काढला? रक्त घशातून आलं की कल्ल्यातून? यातलं काहीच लिहिलं नाहीस, उत्तर कशावर द्यायचं?

खाजण | शनिवार, रात्री १२:०४

खाडीतला मासा, बऱ्यापैकी मोठा. गळ नेहमीचाच. जगतो की नाही एवढंच सांगा ना.

पवई_पहाट | शनिवार, सकाळी ६:१०

मी पंधरा वर्षं पवई तलावावर बसतोय. रोहू, कटला, मृगळ, सगळे सोडतो. अजून एकही मासा डोळ्यांदेखत मेलेला नाही. कटला तर तोंड उघडून आमिष ओढून घेतो, गळ ओठातच लागतो. तुम्ही उगाच काळजी करताय. कणकेच्या गोळीत थोडी भाजलेली शेंगदाण्याची पेंड घाला.

गरीवाला७१ | शनिवार, सकाळी ६:४१

पवई, तो खाडीबद्दल विचारतोय. खाडीतले बरेच मासे पेंड खात नाहीत. आणि "डोळ्यांदेखत मेला नाही" याला अर्थ नाही. सोडलेला मासा दोन दिवसांनी तळाशी मेला तर तुला कसा दिसणार?

पवई_पहाट | शनिवार, सकाळी ६:५५

पवईत मेलेला मासा वर येतो, आम्ही रोज बघतो. मगरी खातात ते वेगळं.

रुपेरी_खवले | शनिवार, सकाळी ८:२०

मासा खोल पाण्यातून वर काढला असेल तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, तो उलटा तरंगतो. मग तसाच सोडून उपयोग नसतो. वजन बांधून परत तळाला सोडावा लागतो. काही जण पिशवीला सुई टोचून हवा काढतात, पण सुई चुकली तर दुसराच अवयव फुटतो. बोटीवर जाणाऱ्यांनी हे शिकायलाच हवं.

खाजण | शनिवार, सकाळी ८:३३

माझा मासा दोन वाव (बारा फुटांच्या आसपास) पाण्यात लागला. डोळे नीट होते. मी गळ गिळण्याबद्दल विचारलंय, सुईबद्दल नाही.

बरं, सगळं लिहितो. जिताडा होता, दीड किलोच्या आसपास. दोन किलोच्या आतला जिताडा मी ठेवत नाही, वाढू दे म्हणतो. गळ ४/० नंबरचा सरळ जे (इंग्रजी J अक्षरासारखा), स्टेनलेस. आमिष जिवंत कोळंबी. गरी खडकात खोचून ठेवली होती, मी भाच्याला बिस्किटं काढून देत होतो, त्यामुळे ओढ लागली ते उशिरा कळलं. लांब तोंडाच्या पक्कडीने गळ काढला, जोर लावावा लागला. रक्त कल्ल्यातून आलं. पाण्याबाहेर तीन-चार मिनिटं असेल, भाच्याला फोटो हवा होता. झालं?

आजीचं_कालवण | शनिवार, सकाळी ८:५०

दीड किलोचा जिताडा सोडलात? पेण-अलिबागकडे जावई आला की तलावातला जिताडा काढतात, एवढा मान त्याला. डोक्याचं कालवण, मधल्या तुकड्या तव्यावर. चिंच नको, कोकम घाला.

मत्स्यशास्त्र_शिकतोय | शनिवार, सकाळी ९:१५

खाजण, आता उत्तर देता येईल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, समजूनच घ्या.

तुमच्या जिताड्याची शक्यता कमी होती. माशाचं हृदय पोटात नसतं, ते घशाच्या खाली, कल्ल्यांच्या अगदी लगत असतं. अन्ननलिकाही तिथूनच जाते. गळ तिथे रुतलेला असताना पक्कडीने जोर लावून ओढला की त्याचा काटा आतलं मांस फाडत बाहेर येतो. कल्ल्यात तर सगळ्या शरीराचं रक्त प्राणवायू घ्यायला फिरून येतं, कातडी पातळ, शिरा उघड्यासारख्याच. तिथून रक्त वाहू लागलं की धोका खूप वाढतो. तो शेपूट मारून गेला हे खरं, पण भेदरलेला मासा शेवटचा जोर लावूनही पळतो.

पुढच्या वेळी गळ काढू नका. दोरी तोंडाजवळ, जमेल तितकी आखूड कापा आणि मासा पाण्यातून न उचलता सोडा. कॅनडात ब्लूगिल माशांवर आणि ऑस्ट्रेलियात ब्रीमवर (आपल्या पालूचा सख्खा भाऊ) हे करून पाहिलंय. खोल गेलेला गळ ज्यांचा उपटून काढला ते जास्त मेले. दोरी कापून सोडलेले बहुतेक जगले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गळ स्वतःच बाहेर टाकला.

गरीवाला७१ | शनिवार, सकाळी ९:३८

पुस्तकी उत्तर. पोटात स्टेनलेसचा गळ ठेवून सोडायचा? तो खाणार कसा? मी चाळीस वर्षं गरवतोय. कल्ल्याच्या फटीतून बारीक पक्कड घालायची, गळाचा वाक धरायचा, उलटा फिरवायचा, काटा मोकळा होतो, मग तोंडातून अलगद काढायचा. अर्धं मिनिट लागतं. हात पाहिजे.

मत्स्यशास्त्र_शिकतोय | शनिवार, सकाळी ९:५०

काका, तुमचा हात आहे, मान्य. कल्ल्याला धक्का न लावता ज्याला जमतं त्याने करावं. पण ज्याने पहिल्यांदाच घशातला गळ पाहिला, बाजूला पोरगं उभं आहे, हात थरथरतोय, त्याने कल्ल्यात पक्कड घातली तर कल्ल्याची तीच पातळ कातडी फाटेल. दीड किलोच्या जिताड्याचे कल्ले म्हणजे कागद.

स्टेनलेसचं मात्र बरोबर. खाऱ्या पाण्यात साधा पोलादी गळ लवकर गंजून ठिसूळ होतो, स्टेनलेसला फार वेळ लागतो. म्हणून मासा सोडणाऱ्यांनी स्टेनलेस वापरू नये. पण तुमच्या हातात स्टेनलेस आहे म्हणून ओढू नका. गंजण्याची वाट न पाहताही मासा गळ टाकतो.

गरीवाला७१ | शनिवार, सकाळी १०:०५

पोरगं बाजूला असेल तर दोरी कापा, ठीक. पण जे गळ लावून गरी खोचून ठेवायची, चूक तिथे झाली. गरी हातात धरली असती तर कोळंबी घशात उतरायच्या आत ओढ लागली असती.

भरती_साडेबारा | शनिवार, सकाळी १०:३०

सगळे मासा सुटल्यावरचं बोलताय. सर्कल हुक वापरा, प्रश्नच संपतो. त्याचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. मासा गिळून वळला की गळ घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. मी जिवंत कोळंबीवर तेच लावतो. फक्त झटका मारायचा नाही. आपल्याला हिसका द्यायची सवय असते, ती मोडावी लागते. दोरी ताणली की नुसतं गुंडाळत जायचं. घेताना सपाट पाहा, टेबलावर ठेवल्यावर टोक बाजूला उचललेलं दिसलं तर तो नको, त्याने खोल लागण्याचा धोका परत वाढतो.

शांत_पाणी | शनिवार, सकाळी ११:१२

एक मनापासून विचारते. खायचाच नसेल तर पकडायचा कशाला? त्याच्या तोंडात लोखंड रुतवायचं, चार मिनिटं गुदमरवायचं, फोटो काढायचा आणि सोडला म्हणून समाधान मानायचं. मुलाने विचारलेला प्रश्न बरोबर होता.

दर्याचा_पोर | शनिवार, सकाळी ११:४०

मी वेसाव्याचा. आमचे बापूस सांगायचे, जो मासा रगत टाकतो तो सोडू नको, घरी ने. सोडलास तर तो तुझा पण नाय आणि दर्याचा पण नाय. ताई बोलते त्यात खरं हाय, पण एका जिताड्यासाठी भावाला बोलू नका. इकडे बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यात पापलेटची पिल्लं टोपल्यांनी येतात. २०२३ ला पापलेट राज्यमासा केला, पण बोटभर पापलेट बाजारात विकायला हायच. जून-जुलै मोठ्या बोटी बंद असतात त्यामुळे मासळीला जरा श्वास मिळतो.

शांत_पाणी | शनिवार, दुपारी १२:०५

पिल्लं मरतात म्हणून हा जिताडा मेला तर चालेल, असं होत नाही.

दर्याचा_पोर | शनिवार, दुपारी १२:११

तसं नाय बोललो, ताई.

संपादक | शनिवार, दुपारी १२:२०

मासे पकडावेत की नाही यासाठी वेगळा धागा काढा. इथे मूळ प्रश्नावर राहू या.

रुपेरी_खवले | शनिवार, दुपारी १:१५

रक्त येत असेल तर कल्ल्यावर थंड सोडा किंवा कोला ओता, लगेच थांबतं. व्हिडिओत पाहिलंय आणि स्वतः दोनदा केलंय.

मत्स्यशास्त्र_शिकतोय | शनिवार, दुपारी १:४०

कृपया नको. कॅनडात पाइक माशांवर हेच तपासलं, सोडा-कोलाने रक्त लवकर थांबलं नाही. तुम्हाला थांबल्यासारखं दिसलं असेल, पण त्या वेळात मासा पाण्याबाहेर होता. कल्ल्याला तेव्हा पाणीच लागतं.

खाजण, पाण्याबाहेरच्या वेळाचं लक्षात ठेवा. आत्ता ऑक्टोबरमध्ये खाडीचं पाणी कोमट आहे आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. झुंजीत दमलेल्या माशाला श्वास हवा असतो आणि नेमका तेव्हाच आपण त्याला उचलतो. अर्ध्या मिनिटाच्या आत परत पाण्यात गेला पाहिजे. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. जबड्याला धरून उभा लटकवू नका. तोंड प्रवाहाकडे करून धरा, स्वतः जोर करेल तेव्हा सोडा.

खाजण | शनिवार, दुपारी २:२५

म्हणजे मीच मारला. दुसऱ्या कुणी काढला असता तर?

मत्स्यशास्त्र_शिकतोय | शनिवार, दुपारी २:४०

गळ कल्ल्यात लागलाच असेल तर दोरी कापूनही मासा बहुधा मेला असता. गळ फक्त अन्ननलिकेत असेल आणि ओढताना कल्ला फाटला असेल, तर कापल्यावर बरीच आशा होती. तुमच्या लिहिण्यावरून कुठलं ते ठरवता येत नाही. रक्त गळ काढायच्या आधी होतं की नंतर?

खाजण | शनिवार, दुपारी २:४४

नंतर.

गरीवाला७१ | शनिवार, दुपारी ३:०२

मनाला लावून घेऊ नको. आम्ही सगळ्यांनी असेच ओढलेत, विचारलं कुणी नाही. दोन किलोच्या आतला ठेवत नाहीस हे चांगलं करतोस. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी त्याचीच मादी होते. लहानपणीच उचलले तर अंडी घालायला मोठ्या माद्या उरणार कुठून? आणि उद्या मासा रक्त टाकतोय असं दिसलं, तर त्या वेसावकराचं ऐक, घरी ने, दोन किलोचा नियम त्या दिवशी बाजूला ठेव.

पवई_पहाट | शनिवार, संध्याकाळी ५:३०

हे माहीत नव्हतं. रोहूतही असं होतं का?

मत्स्यशास्त्र_शिकतोय | शनिवार, संध्याकाळी ५:४२

नाही, रोहूत नर-मादी शेवटपर्यंत वेगळेच. रावस मात्र जिताड्यासारखाच.

खाजण | रविवार, दुपारी ३:१०

जाऊन आलो. काल संध्याकाळी सर्कल हुक आणले, सपाट बघून. गरी पूर्ण वेळ हातात. पहिल्या दोन ओढी माझ्याच झटक्याने सुटल्या, भाचा ओरडला, "मामा, हिसका नाही!" तिसऱ्याला एक तांब लागला, जबड्याच्या बरोबर कोपऱ्यात. पाण्यातच गळ फिरवून काढला, फोटो नाही.

मग भाच्याच्या गरीला ढोमा. त्याच्या गरीवर जुनाच गळ राहिला होता, बदलायचं विसरलो. खोल गेला होता, तोंड उघडलं तर गळ दिसतच नव्हता, नुसती दोरी आत जात होती. रक्त नव्हतं. दोरी त्याच्या हातानेच कापायला लावली. मी मासा पाण्यात धरून ठेवला होता, सुटल्यावर सरळ गेला, आडवा पडला नाही.

परतताना मी त्याला बुधवारच्या जिताड्याचं खरं सांगितलं, बहुतेक मेला असेल, मी गळ ओढायला नको होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, या ढोम्याच्या पोटातला गळ कधी पडेल? तेही मला सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?

मत्स्यशास्त्र_शिकतोय | रविवार, दुपारी ४:०५

ढोम्याचं नेमकं सांगणार नाही. ब्रीममध्ये काहींनी थोड्या दिवसांत टाकला, काहींना कितीतरी आठवडे लागले, काहींच्या पोटात तो राहिलाच. त्याला हेच सांगा. रक्त नव्हतं आणि सरळ पोहत गेला, या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत.

गरीवाला७१ | रविवार, दुपारी ४:३०

गळ किती नंबरचा होता पोराचा? परत लिहिलं नाहीस.

खाजण | रविवार, दुपारी ४:३४

१/० काका, साधा पोलादी. स्टेनलेस नव्हता.