मदत हवी आहे: द्राक्षबागेच्या जुन्या पुस्तकाचं ई-बुक काढायचंय, पीडीएफ की ईपब?

गोदाकाठची सून
नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांचं (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) द्राक्षबागेवर पुस्तक आहे, २००६ सालचं. खरड छाटणीपासून माल उतरेपर्यंत सगळं त्यात आहे, शिवाय वेलीच्या रेखाकृती आणि फवारणीचे लांबलचक तक्ते. प्रती कधीच संपल्या. निफाड-दिंडोरीकडचे लोक अजून मागतात, झेरॉक्स काढून नेतात. पुन्हा छापणं परवडत नाही.

मजकूर पेजमेकर या जुन्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये होता. नाशिकमधल्याच एका डीटीपीवाल्याने युनिकोड करून दिला, पण ‘वर्ष’चं ‘वषर्’ आणि ‘मार्च’चं ‘माचर्’ झालंय. अण्णांनी एक पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

पीडीएफ मोबाइलवर उघडली की बोटांनी मोठी करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. बागेत हातात कात्री घेऊन उभा असलेला माणूस हे कशाला करेल? ईपब (ई-बुकची फाइल) करून पाहिलं तर तक्ते फुटतात. दीर म्हणतात, पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाका आणि विषय संपवा.

प्रकाशकांनी धंदा बंद केलाय. करारात ई-बुकचा उल्लेख नाही, मुदतही लिहिलेली नाही. काय करावं?

खिळेजुळारी
ताई, श्रीलिपीत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून रफार अक्षराच्या मागून येतो. युनिकोडमध्ये ‘र्’ आधी लागतो. कन्व्हर्टरने ही अदलाबदल केली नाही की ‘वषर्’ होतं. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला ‘र्’ मराठीत सहसा नसतोच, तेवढे शोधून बदलता येतील. पण ‘वर्षात’चं ‘वषार्त’ होतं, ते सरसकट बदलायला जाऊ नका, चांगले शब्द बिघडतील. तिथे मुद्रितशोधनच करावं लागेल.

पीडीएफमध्ये पान ठरलेलं असतं. ईपब म्हणजे आतून वेबपानांचं गाठोडं. त्याला ठरलेलं पानच नाही, मजकूर पडद्याच्या मापाने मांडला जातो. आठ-नऊ रकान्यांचा तक्ता मोबाइलवर दोन्हींत बसणार नाही. वाढीच्या प्रत्येक अवस्थेचा वेगळा तक्ता करा, दोन-तीन रकान्यांचा. तक्त्याचा फोटो मात्र टाकू नका, त्यातला शब्द शोधता येत नाही. वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल द्या, मग कॅलिबर या ई-बुकच्या सॉफ्टवेअरमधून ईपब करा. फुकट आहे आणि अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

निफाडचा बागाईतदार
सगळे फाइलचं बोलतायत, मी औषधांचं बोलतो. २००६ चे फवारणीचे तक्ते आज परत काढणार? एन्डोसल्फानवर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये बंदी आणली, तक्त्यात आहे का बघा. युरोपला माल पाठवणाऱ्याचा कंटेनर औषधाच्या अवशेषांवर अडकतो आणि ते निकषही बदलत राहतात. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी चाळल्या तरी कळेल. छाटणीचं प्रकरण अजून वीस वर्षं चालेल, औषधाचं दोन हंगामही धड टिकत नाही.

आणि व्हॉट्सॲपवर गेलेली पीडीएफ परत येत नाही. पाच वर्षांनी कुणीतरी तीच फॉरवर्ड करणार, वर अण्णांचं नाव. फवारणी पुस्तकातून काढा, एका साध्या वेबपानावर तारीख घालून ठेवा आणि ईपबमध्ये त्याचा दुवा द्या. ते पान कधीही बदलता येतं.

सावानाचा सभासद
बागाईतदारांशी शंभर टक्के सहमत. कराराचं सांगतो: कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क दिल्याची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. तरी करार एकदा वकिलाला दाखवा. ई-आवृत्तीला वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करा, पैसे पडत नाहीत.

किंडलवर विकणार असाल तर भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टीसाठी केडीपी सिलेक्ट या किंडलच्या ९० दिवसांच्या योजनेत जावं लागतं. मग ते ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटसुद्धा. म्हणजे दिरांची पीडीएफ आणि किंडल एकत्र चालणार नाही. मला विचाराल तर तुमचा वाचक किंडलवर नाहीच. ईपब गुगल प्ले बुक्सवर ठेवा, अँड्रॉइड फोनवर ते वाचता येतं.

गोदाकाठची सून
सगळ्यांचे आभार. एन्डोसल्फान निघालं, तेही दोन ठिकाणी. अण्णा तक्ते काढायला तयार झालेत, पण बोर्डो मिश्रण (बुरशीवरचं औषध) पुस्तकातच राहणार म्हणतात: एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, त्यात कोण काय बदलणार! बागाईतदार दादा, राहू द्यावं ना?

आणि कॅलिबरमध्ये घेतल्यावर वेलीच्या रेखाकृती भलत्याच परिच्छेदात जाऊन बसतायत.

निफाडचा बागाईतदार
राहू द्या. फक्त चुना ताजा घ्या आणि फवारायच्या आधी सामू (पीएच) तपासा, हे लिहिलंय का बघा.

खिळेजुळारी
वर्डमध्ये चित्र तरंगतं ठेवलंय. ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ करा आणि पुन्हा घ्या.