दर्यात गेलेल्यांचे चेहरे दफनभूमीच्या भिंतीवर काढावेत का?

पाचूबंदरची: आमच्या वसईच्या किनाऱ्यावर दफनभूमीची भिंत रंगवायची आहे. तरुण मंडळी म्हणतात, वादळात गेलेल्या खलाशांचे चेहरे काढू. माझा पाठिंबा. ज्यांचं शव मिळालं त्यांच्या थडग्यावर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, फुलं चढतात. दर्याने परतच दिलं नाही त्याच्या आईने मेणबत्ती लावायची कुठे?

गिरीजकर: विरोध. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, नाव घेतलं जातं, तेवढं पुरे. भिंतीवर बोटमालक मोठा आणि खलाशी कोपऱ्यात, हे मी आत्ताच लिहून देतो. शिवाय खारा वारा. दोन-चार पावसाळ्यांत पोपडे निघाले की स्वतःचा बाप असा सोललेला बघवेल?

पाचूबंदरची: पोपडे निघाले तर पुन्हा रंगवू. घर नाही का रंगवत?

रत्नागिरीचा प्रोटेस्टंट: आमच्या देवळात नुसता क्रूस आहे, चित्र एकही नाही. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असं प्रभू म्हणाला ते भाकर मोडून (लूक २२:१९). माझं चित्र काढून ठेवा असं नाही म्हणाला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांची भजनं आम्हाला पाठ आहेत, त्याला भिंत लागत नाही.

पाचूबंदरची: भजन ही कला नाही तर काय? आणि आमचा संत गोन्सालो गार्सिया बघा. वसईत जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला. त्याचं थडगं इथे नाही. मूर्तीतला चेहरा त्याला बघून कुणी घडवलेला नाही. तरी लोक त्याच मूर्तीसमोर त्याच्याशी बोलतात ना?

किल्ल्यात भटकणारा: वस्तू टिकली म्हणजे आठवण टिकते असं नाही. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा १७२१ची, पोर्तुगीज. १७३९ला वसई जिंकल्यावर मराठ्यांनी नेलेली. घंटा शाबूत आहे, पण ती कुठल्या चर्चसाठी ओतली, कुणाच्या मयताला वाजली, हे नाशिककर सोडा, आपण वसईकर तरी सांगू शकतो का? चित्राखाली नाव, साल, बोट लिहा. नाहीतर नातवंडांना ती नुसती रंगीत डोकी.

गिरीजकर: हे पटलं. मग नावंच लिहा की! चेहरे कशाला?

नायगाववाली: माझा भाऊ त्यातलाच. आई अजून त्याचं ताट वाढते. त्याला दफनभूमीच्या भिंतीवर काढलंत तर तो गेला असं तुम्ही तिला सांगितल्यासारखं होईल. आम्हाला कुणी विचारलं?

पाचूबंदरची: नाही विचारलं. बाई, आईच्या होकाराशिवाय ब्रश लागणार नाही.

गिरीजकर: सगळ्यांच्याच घरी जा. आणि यादी आधी चर्चच्या दारावर लावा, मालकांची नावं वर नकोत.