टोमॅटिलोला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही – मदत हवी आहे

टोमॅटिलोची (कागदी वेष्टनात येणारं, टोमॅटोसारखं हिरवं फळ) दोन झाडं आहेत, प्रत्येक २५ लिटरच्या कुंडीत. एक बियांपासून केलेलं, दुसरं त्याच झाडाचा फुटवा तोडून मुळं फुटल्यावर लावलेलं. माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात, ऊन रोज सात तास, दुपारचं तापमान ३३ अंशांपर्यंत. आठवड्यातून एकदा नत्राचं द्रवखत.

दोन्ही झाडं फुलांनी भरलेली आहेत, पण फुलं देठासकट गळतात. काही ठिकाणी कागदी वेष्टन फुगलंय, मात्र दाबलं की आत पोकळ लागतं. टोमॅटोसारखी रोज फांद्या हलवूनही उपयोग नाही. शेजारच्या रसभरीला मात्र फळं आहेत. कीड दिसत नाही. कमी काय पडतंय?

प्रतिसाद १

उत्तर तुमच्या माहितीतच आहे: दुसरं झाड पहिल्याच्या फुटव्याचं आहे. टोमॅटिलोचं फूल स्वतःच्या झाडाचा पराग स्वीकारत नाही. पराग स्त्रीकेसरावर पडला तरी फलन होत नाही. फुटव्यापासून केलेलं झाड आनुवंशिकदृष्ट्या तंतोतंत मूळ झाडच असतं, त्यामुळे कुंड्या दोन असल्या तरी परागाच्या हिशोबाने झाड एकच. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून तिथे फांदी हलवून भागतं. इथे पराग दुसऱ्या झाडावरूनच यायला हवा.

रसभरीचाही उपयोग नाही. ती याच कुळातली असली तरी जात वेगळी, आणि ती स्वपरागावर फळते.

दोन वेगळ्या बियांपासून वाढलेली दोन झाडं हवीत. वाण एकच चालेल, बिया एकाच पाकिटातल्या चालतील. शक्य असेल तर तीन-चार झाडं ठेवा, म्हणजे एखादं मेलं तरी अडत नाही.

फुगलेल्या वेष्टनांबद्दल: वेष्टन आधी वाढतं, फळ मागाहून आत भरत येतं, त्यामुळे पोकळ लागणं नेहमीच वाईट नसतं. पण इथे परागच मिळत नाही, तेव्हा ही बहुतेक गळतील. नत्राचं खत आजच थांबवा. त्याने पाला माजतो आणि फूलगळ वाढते. फुलं आल्यावर पालाश जास्त असलेलं खत निम्म्या मात्रेत, पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

धागाकर्ता

मग आता बिया टाकल्या तर ही झाडं तोवर टिकतील का? आणि नवं रोप याच कुंडीत लावलं तर चालेल?

प्रतिसाद २

टिकतील. टोमॅटिलो फांद्या फोडत राहतो आणि दीर्घकाळ फुलतो. लांबलेल्या फांद्यांचे शेंडे एक-तृतीयांश छाटा, नवे फुटवे येऊन पुढचा बहर नव्या रोपांच्या बहराशी जुळेल.

बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. माती २० ते २७ अंश उबदार असेल तर साधारण सात ते दहा दिवसांत उगवतं. चार-पाच खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची) आली की लावणी करा आणि खोडाचा खालचा भाग पानं काढून मातीत पुरा. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, ओल्या मातीत फांद्यांनाही फुटतात. त्याच कुंडीत मात्र नको. प्रत्येक झाडाला निदान २० लिटर जागा लागते, नाहीतर दोन्ही झाडं उन्हात सारखी माना टाकतात. जमिनीत अंतर ६० ते ९० सेंटिमीटर. कुंड्या जवळजवळ ठेवा, मधमाशीची फेरी सोपी होते. आधाराची काठी लावणीच्याच दिवशी रोवा. फांद्या ठिसूळ असतात, नंतर बांधायला गेलं की मोडतात.

प्रतिसाद ३

मधमाश्या कमी येत असतील तर हाताने परागीभवन करा. सकाळी दव सुकून फुलं पूर्ण उघडली की मऊ कोरडा ब्रश एका झाडाच्या पुंकेसरांवर फिरवा, मग दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या मधोमध टेकवा, आणि उलटही करा. तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं तर पराग निकामी होतो, तेव्हा दुपारी सावलीची जाळी ताणा. फुलांवर कीटकनाशक नको, अगदी निंबोळी तेलसुद्धा संध्याकाळी आणि फक्त पानांच्या खालच्या बाजूला.

पाणी अनियमित झालं तर भरलेली फळं तडकतात. वरची तीन सेंटिमीटर माती सुकली की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी घाला.

धागाकर्ता

समजलं, बिया लगेच टाकतो. तोडणी कधी करायची तेही सांगा, फळ हिरवंच राहतं म्हणतात.

प्रतिसाद २

रंगावर जाऊ नका. फळ वेष्टनात गच्च बसलं आणि वेष्टन वाळून खाली उकललं, की तोडा. फळ टणक हवं. पिवळं पडून मऊ झालं तर आंबटपणा कमी होतो. वेष्टन अर्धं रिकामं असताना तोडू नका, आणि पानं, खोड, वेष्टन खाऊ नका, त्यांत विषारी द्रव्यं असतात. फळावरचा चिकटपणा नैसर्गिक आहे, कोमट पाण्याने निघतो. साठवायची असतील तर वेष्टनासकट, न धुता, कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. दोन आठवडे सहज राहतात.