मदत हवी आहे: लिथुआनियाची १९१९ ची 'गार्डिनास' तिकिटं अस्सल की बनावट?

नमस्कार मंडळी. पूर्व युरोपची जुनी टपाल तिकिटं जमवणारं कुणी इथे आहे का? एका विक्रेत्याने लिथुआनियाच्या १९१९ च्या ग्रोड्नो (लिथुआनियन नाव गार्डिनास) छपाईची तीन तिकिटं दाखवली आहेत. रशियन झारच्या काळातल्या तिकिटांवर काळ्या शाईत 'लिएटुवा' (म्हणजे लिथुआनिया) आणि '५० स्काटिकू' (तिथलं त्या वेळचं चलन) असा ओव्हरप्रिंट, म्हणजे नंतर वरून छापलेला मजकूर. भाव बराच सांगतोय, प्रमाणपत्र मात्र नाही.

अडचण अशी की खालचं रशियन तिकीट खरंच असतं आणि स्वस्तात मिळतं, त्यामुळे कागद किंवा छिद्रं तपासून फारसं काही कळत नाही. खोटा असेल तर तो फक्त वरचा ठसा! विल्नियसची डिसेंबर १९१८ ची पहिली तिकिटं तरी पूर्णच खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवून छापलेली, त्यात तपासायला जागा जास्त.

भिंगाखाली पाहिलं तर दोन तिकिटांवरची अक्षरं जाड आहेत आणि शाई किंचित चमकते, तिसऱ्यावर ती कागदात मुरलेली दिसते. तिन्हींवर शिक्का नाही. एवढ्यावरून काही ठरवता येईल का? अक्षरांच्या मापाची तुलना करायला कुणाकडे प्रमाणित तिकिटाचा मोठा, स्पष्ट स्कॅन आहे का? जर्मनीच्या बीपीपी या तिकीट-परीक्षकांच्या संघटनेतल्या परीक्षकाकडे भारतातून तिकिटं पाठवली असतील, तर टपाल, विमा आणि कस्टम्सचं कसं केलंत तेही सांगा. विक्रेता रविवारपर्यंत थांबायला तयार आहे. 'घेऊन टाक, बघू नंतर' हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय, तो सोडून काहीही चालेल.