जावा-येझदीच्या राईडला कॉलेजची मुलं कशी टिकवायची? मदत हवी आहे

नाशिकमधले आम्ही काही जण जावा-येझदी या जुन्या मोटरसायकली घेऊन अधूनमधून एकत्र राईडला जातो. बहुतेक जण पन्नाशीपुढचे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन असतो, तेव्हा त्र्यंबकेश्वरला जायचा बेत आहे. या वेळी विशी-पंचविशीतली मुलंही हवी आहेत.

कॉलेज रोडवर गाड्या लावून पाहिल्या, रीलही टाकल्या. मुलं येतात, फोटो काढतात, टू-स्ट्रोकचा आवाज ऐकून खूश होतात आणि निघून जातात. विचारलं तर कारणं ठरलेली. म्हैसूरच्या कारखान्यातलं या गाड्यांचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, मग स्पेअर कुठून आणायचे? टू-स्ट्रोक इंजिनाला लागतं म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल कोण मिसळत बसणार? पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या आरसीच्या (नोंदणीच्या) नूतनीकरणाचं काय? किक आणि गिअर एकाच दांड्यावर, ही गंमत मात्र सगळ्यांना आवडते. 2018 नंतर आलेल्या फोर-स्ट्रोक जावाही चालतील असं म्हटलं, तर आमच्यातल्याच काहींनी नाकं मुरडली. (त्यांची समजूत मी काढेन.)

आधीच सांगतो: आम्हाला गाड्या विकायच्या नाहीत, प्रायोजकही नको. लायसन्स आणि हेल्मेट सक्तीचं. अनोळखी मुलाच्या हातात जुनी गाडी द्यायला कोणी मालक तयार नाही, त्यामुळे 'चालवायला द्या' हा उपाय बाद.

तुमच्या गावात अशा ग्रुपमध्ये तरुण मुलं टिकली असतील तर नेमकं कशामुळे? आधी इंजिन खोलून दाखवणारी रविवारची कार्यशाळा ठेवावी, की थेट कुठलीही बाईक चालेल अशी राईड?