रोटाला आणि ब्राह्मीची छाटणी : शेंडे पुन्हा लावावेत की बुंधे राखावेत?

प्रश्न

नमस्कार. माझ्या माशांच्या दोन फुटी टाकीत मागे रोटाला रोटुंडिफोलिया ही पाणवनस्पती आणि त्याच्यापुढे ब्राह्मी लावून साडेचार महिने झाले. रोटाला पाण्याच्या वर टेकून आडवा पसरला असून त्याच्याच सावलीमुळे खालच्या वीतभर दांड्यांची पाने पिवळी पडून गळली आहेत. मागच्या आठवड्यात मी थोडे शेंडे कापून, त्यांची जुडी बांधून वाळूत खोचली. दुसऱ्या दिवशी निम्मे शेंडे तरंगत होते आणि उरलेल्यांचे बुडखे मऊ होऊन काळे पडले. पुढची छाटणी कशी करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर १

जुडीमुळेच नुकसान झाले असावे. बांधलेल्या दांड्यांच्या आत पाणी खेळत नाही, आणि वाळूत गाडली गेलेली पाने कुजू लागली की ती कूज दांड्यालाही लागते. शेंडा चार-पाच इंचांचा घ्यावा, धारदार कात्रीने पेराच्या (दांड्यावर पाने फुटतात त्या गाठीच्या) किंचित खाली कापावा (बोथट कात्रीने दांडा चेचला जातो आणि तेथूनच सडतो), आणि खालच्या दोन पेरांवरची पाने अलगद काढावीत. मुळे पेरांतून फुटतात, म्हणून ही दोन्ही पेरे वाळूत जायला हवीत. शेंडा चिमट्याने धरून तिरका खोचावा आणि चिमटा सैल करून, किंचित हलवत बाहेर काढावा. सरळ वर ओढल्यास शेंडाही त्याच्याबरोबर निघून येतो. प्रत्येक शेंडा स्वतंत्र लावून दोहोंत बोटभर अंतर ठेवावे.

उत्तर २

बुंध्यांविषयी लिहितो. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते, म्हणून शेंडा खुडल्यावर बगलफूट होते, म्हणजे पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतात. तुळशीचे शेंडे आपण याच कारणाने खुडतो. रोटालाची पाने समोरासमोर असल्यामुळे कापाखालच्या पेरातून बहुधा दोन फुटवे येतात आणि झुडूप दाट होते. मात्र त्यासाठी बुंध्यावर हिरव्या पानांची दोन-तीन पेरे शिल्लक हवीत, आणि बुंधा राखायचा असल्यास काप पेराच्या वर घ्यावा. आपले बुंधे उघडे पडले आहेत, तेव्हा या वेळी ते उपटून शेंडेच लावणे मला योग्य वाटते. सगळा गठ्ठा एकदम न उपटता आधी अर्धा आणि दहा-बारा दिवसांनी उरलेला, असे केल्यास टाकीचा समतोल बिघडत नाही. यापुढे रोटाला पाण्याच्या वर टेकण्याआधीच, चार-सहा बोटे खाली असताना छाटावा. ब्राह्मी सावकाश वाढते. तिला इतक्या वेळा कात्री लावू नये.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. उरलेल्या तुकड्यांचे काय करावे?

उत्तर ३

छाटणी झाल्यावर तरंगणारा प्रत्येक तुकडा जाळीने काढून त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलावे, कारण कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो. ब्राह्मीचे तुकडे सतत ओल्या राहणाऱ्या कुंडीत लावावेत. ती मुळातच आपल्याकडच्या दलदलीतील वनस्पती असल्याने पाण्याबाहेरही उत्तम वाढते. बाकीचे तुकडे वाळवून खतात घालावेत. नदी, ओढा किंवा तलावात काहीही सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. केरळातील कोळिकोड जिल्ह्यात २०२० साली गुलाबी फुलांनी भरलेला कालवा पाहायला लोकांची गर्दी झाली होती. ती फुले टाक्यांत लावल्या जाणाऱ्या कॅबोंबा या परदेशी पाणवनस्पतीची होती, आणि कॅबोंबा तर तुटलेल्या दांड्याच्या एवढ्याशा तुकड्यापासूनही पुन्हा वाढतो.